कोणाकडे बघायचं, ते आधी सांगा: एका जिल्हा मैदानी स्पर्धेच्या थेट प्रक्षेपणाचं प्रकरण

## पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी दर हिवाळ्यात दोन दिवसांच्या मैदानी स्पर्धा भरतात. शाळा-कॉलेजांची मुलं-मुली आणि खुला गट मिळून तीनेकशे खेळाडू येतात. गावाचं, संस्थेचं, वाहिनीचं नाव मी देत नाही. खेळणाऱ्यांत बरीच मुलं अठराच्या आतली आहेत. शिवाय ज्यांच्याबरोबर हे काम केलं त्यांनी आपल्या चुका माझ्यापुढे मोकळ्या मनाने मांडल्या, त्या नावानिशी चव्हाट्यावर आणणं बरं नाही.

गेल्या हिवाळ्यात ही स्पर्धा पहिल्यांदाच तिथल्या केबल वाहिनीवर थेट दाखवायचं ठरलं. वाहिनी लहान. चार कॅमेरे, कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते निवडणारा एक मिक्सर, नऊ माणसं. गणपती विसर्जनाची मिरवणूक, यात्रांमधली कुस्ती मैदानं आणि नवरात्रातले कार्यक्रम यांवर त्यांचं वर्ष निघतं. कुस्ती दाखवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं त्या भागात कोणी नाही. मैदान असलं की चहाच्या टपरीपासून दवाखान्यातल्या टीव्हीपर्यंत सगळीकडे तीच वाहिनी लागलेली असते.

वाहिनीचे मालक ॲथलेटिक्सकडे वळले ते सर्वेश कुशारेमुळे. नाशिक जिल्ह्यातल्या देवगावचा सर्वेश सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या फायनलला पोहोचला. पुरुषांच्या उंच उडीत तिथवर गेलेला तो पहिला भारतीय. फायनलमध्ये २.२८ मीटर, म्हणजे तोवरची स्वतःची सर्वोत्तम उडी मारून तो सहावा आला. मालकांनी ती फायनल मोबाइलवर पाहिली. "सर, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हातातला चहा गार झाला," असं ते मला सांगत होते. आपल्याकडच्या पोरांच्या उड्या लोकांना अशाच दाखवू, ही त्यांची इच्छा खरी होती.

मी तरुणपणी ८०० मीटर पळायचो आणि पुढे बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवले. संयोजकांनी मला प्रक्षेपणवाल्यांच्या मदतीला दिलं. कोणता प्रकार मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात, किती वाजता, एवढं सांगणं हे माझं काम. पहिल्या दिवशी मी तेवढंच केलं.

## पहिला दिवस

सकाळी आठला १०० मीटरच्या हीट, म्हणजे प्राथमिक शर्यती, सुरू झाल्या. नऊ हीट, एकापाठोपाठ एक. फक्कीने आखलेला मातीचा ट्रॅक, रेषेच्या पुढे एक कॅमेरा. मुलं येतात, कॅमेऱ्याजवळून निघून जातात, संपलं. पळायला बारा-तेरा सेकंद आणि पुढची हीट लागायला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत आमचे निवेदक, एक तरुण आणि अभ्यासू क्रीडाशिक्षक, नियम समजावत होते. फॉल्स स्टार्ट कशाला म्हणतात, लेन कशा वाटतात, ब्लॉकमध्ये पाय कसे ठेवतात. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण पळणाऱ्या मुलांची नावं कुठेच नव्हती. "लेन चारमध्ये छाती क्रमांक २१७," एवढीच ओळख.

दहाच्या सुमाराला लांब उडी, गोळाफेक आणि ४०० मीटरच्या हीट एकाच वेळी चालू झाल्या. मिक्सरवरच्या मुलाची तारांबळ उडाली. उडी दाखवायची, टेप लावेपर्यंत गोळ्याकडे जायचं, गोळा पडेस्तोवर ट्रॅकवर शिट्टी. बघणाऱ्याला उडी दिसली पण किती ते कळलं नाही, आणि आकडा आला तेव्हा तो कोणाचा ते कळलं नाही.

दुपारी मुलांची ५००० मीटर. ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या. सातव्या फेरीला जाहिरातींची ठरलेली वेळ झाली आणि तीन मिनिटं जाहिराती गेल्या. परत आलो तेव्हा एक मुलगा पन्नास मीटर पुढे होता. तो कधी सुटला, सुटण्याआधी त्याने मागे वळून पाहिलं का, मागच्या दोघांनी त्याला का जाऊ दिलं, हे सगळं गेलं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत बघण्यासारखं खरं तर तेवढंच असतं. मी स्वतः पळालेला माणूस, माझ्या पोटात कालवलं.

दिवसाचा शेवट वादाने झाला. १०० मीटरच्या फायनलला दोन मुलं बरोबरीने रेषेवर आली. इथे फोटो फिनिश नाही. रेषेच्या अगदी सरळीत पायऱ्यांच्या स्टँडवर पंच बसतात आणि हातातल्या घड्याळांवर वेळ घेतात. आमचा कॅमेरा रेषेपासून दहा-बारा मीटर पुढे, तिरका उभा होता. त्या कोनातून मागे असलेला मुलगाही पुढे असल्यासारखा दिसू शकतो. पंचांचा निकाल यायच्या आत आम्ही तो रिप्ले दोनदा दाखवला आणि निवेदकांनी विजेता जाहीरही केला. पंचांनी पहिला क्रमांक दुसऱ्या मुलाला दिला. दहा मिनिटांत पालक मोबाइलवरचं आमचं चित्रण घेऊन पंचांच्या टेबलाशी.

पॅरिस ऑलिम्पिकच्या १०० मीटर फायनलमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन यांच्यात ९.७८४ आणि ९.७८९ सेकंद, म्हणजे सेकंदाच्या पाच सहस्रांशाचा फरक होता. थॉम्पसनचा पाय आधी रेषेपार गेलेला दिसतो, पण नियमाने मोजतात ते धड, आणि लाइल्सचं धड आधी पोहोचलं होतं. तिथे जगातली सर्वांत महागडी यंत्रं आणि रेषेच्या नेमक्या सरळीत लावलेले कॅमेरे होते, तरी निकालाचा फलक लागेपर्यंत सगळं स्टेडियम थांबून राहिलं. आम्ही एका तिरक्या कॅमेऱ्यावर विसंबून निकाल देऊन टाकला होता.

संध्याकाळी मालकांच्या फोनवर केबलवाल्यांचे निरोप येत होते. सगळ्यांचा सूर एकच: काय चाललंय ते कळत नाही, त्यापेक्षा मागच्या यात्रेतली कुस्ती लावा.

## अडचण नेमकी कुठे होती

त्या संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही सहा-सात जण बसलो. आमचा मिक्सर तिथेच मांडला होता. पहिला अर्धा तास सगळ्यांचं म्हणणं हेच की ॲथलेटिक्स हा खेळच टीव्हीचा नाही. एकाच वेळी पाच गोष्टी चालतात, मध्ये खूप वेळ काहीच घडत नाही, आणि आकडे माणसाला पाठ नसतात.

मग कॅमेऱ्यावरच्या एका जुन्या माणसाने साधा प्रश्न विचारला. कुस्तीतसुद्धा दोन पैलवान दहा-दहा मिनिटं नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून फिरतात, तेव्हा माणूस का उठून जात नाही?

या प्रश्नाने आमचं बोलणं वळलं. कुस्तीची जोड लागली की निवेदक आधी माणसं उभी करतो. हा अमुक गावचा, तमुक तालमीचा, ह्या वस्तादांचा पठ्ठा. मागच्या साली याच मातीत समोरच्याने याला घिस्सा डावावर चितपट केलं होतं, आज तो हिशोब चुकवायला आला आहे. हलगी वाजत असते, पैलवान अंगाला माती लावत असतात, आणि बघणाऱ्याने तोवर आपला पैलवान ठरवून टाकलेला असतो. मग ती दहा मिनिटं रिकामी राहत नाहीत. आम्ही ॲथलेटिक्समध्ये डाव समजावून सांगत होतो आणि पैलवानांची ओळख करून द्यायला विसरलो होतो.

मला त्या वेळी भालाफेक आठवली. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटरवर सोनं घेतलं. त्याआधी फायनलमध्ये बारा जणांना तीन-तीन संधी मिळतात आणि त्यातल्या आठांना आणखी तीन, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक होतं? तीन वर्षांनी पॅरिसला अर्शद नदीमने दुसऱ्याच फेकीत ९२.९७ मीटर भाला टाकला आणि घराघरांत लोक तोंडपाठ म्हणत होते, आता नीरजला त्रेण्णव पाहिजेत. नीरजची ८९.४५ ही एकच फेक वैध ठरली, बाकीच्या पाचही फाउल गेल्या, तरी लोक शेवटच्या फेकीपर्यंत जागे होते. माणूस ओळखीचा होता आणि गाठायची खूण डोळ्यांपुढे होती. नियम लोक जाता जाता शिकले.

## कोणते मार्ग होते

मालकांचा कल थेट प्रक्षेपण बंद करण्याकडे होता. संध्याकाळी तासाभराचं संकलन दाखवायचं, म्हणजे लाजही राहील आणि जाहिरातदारही. यात तथ्य होतं. संकलनात चुका झाकता येतात. पण मुलांचे आजी-आजोबा सकाळपासून टीव्हीसमोर बसणार होते आणि निकाल कळल्यावर रात्री शर्यत बघण्यात राम नसतो.

दुसरा प्रस्ताव मिक्सरवरच्या मुलाचा. उड्या-फेकी सोडून द्यायच्या आणि फक्त पळण्याच्या फायनल दाखवायच्या. हा विचार मोठ्या लोकांनीही केला आहे. अमेरिकेचा माजी धावपटू मायकल जॉन्सनने २०२५ मध्ये ग्रँड स्लॅम ट्रॅक ही मालिका काढली तेव्हा त्यात फक्त ट्रॅकवरच्या शर्यती ठेवल्या होत्या. मालिकेतली लॉस एंजेलिसची चौथी स्पर्धा रद्द झाली, पण तिची ओढाताण पैशांची होती, तेव्हा त्यावरून उड्या-फेकी हव्यात की नकोत हे ठरत नाही. आमच्यापुरता हा मार्ग मला पटला नाही, कारण उंच उडी हा नवख्या माणसाला सर्वांत सहज कळणारा प्रकार आहे. बार पडला किंवा राहिला. टेप लागत नाही, थांबावं लागत नाही. एका उंचीला तीन संधी, तिन्ही गेल्या की घरी. आणि सर्वेशमुळेच तर मालक या भानगडीत पडले होते.

एखादा नावाजलेला खेळाडू पाहुणा म्हणून बोलवावा, असंही कोणीतरी सुचवलं. एका रात्रीत कोण येणार? तो विषय तिथेच संपला.

शेवटी ठरलं ते असं. थेट प्रक्षेपण चालू ठेवायचं, पण सगळं दाखवायचा हट्ट सोडायचा. दुसऱ्या दिवशी एकूण अठरा प्रकार होते. त्यातले चार निवडायचे: मुलींची ३००० मीटर, खुल्या गटाची उंच उडी, भालाफेक आणि शेवटची रिले. हे चार पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवायचे आणि बाकीच्यांचे निकाल नावासकट वाचून दाखवायचे. निवेदनाला क्रीडाशिक्षकांच्या जोडीला कुस्तीचे निवेदक बोलवायचे. सगळे त्यांना आबा म्हणतात. रात्री नऊला फोन केला. आबा म्हणाले, "मला पळण्यातलं काय बी कळत न्हाई." मालकांनी सांगितलं, "म्हणूनच या."

जाहिरातींचा प्रश्न उरला. मुख्य जाहिरातदार गावातले एक सराफ. मालकांनी त्यांना त्याच रात्री गाठून विचारलं, की मध्ये खंड न पाडता पडद्याच्या खाली पट्टी चालवली आणि प्रत्येक निकालाच्या वेळी दुकानाचं नाव घेतलं तर चालेल का. ते तयार झाले. त्यांचा पुतण्या पहिल्या दिवशी ५००० मीटरला होता आणि त्या तीन मिनिटांच्या जाहिराती त्यांनाही बोचल्या होत्या.

## रात्रीची तयारी

मुलं शाळेच्याच वर्गांत उतरली होती. बाकं भिंतीला लावलेली, खाली सतरंज्या, खिडकीच्या गजांना वाळत घातलेले मोजे. मी आणि वाहिनीतली एक मुलगी वही घेऊन फिरलो. निवडलेल्या चार प्रकारांतल्या खेळाडूंना तेच चार-पाच प्रश्न विचारले. गाव कोणतं, कोण शिकवतं, सराव कुठे करता, उद्या कोणाला हरवायचं आहे, आणि आम्ही कॅमेऱ्यातून नेमकं काय बघावं?

शेवटच्या प्रश्नाने आमचं काम झालं. उंच उडीतल्या एका मुलाने खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचं छोटं रीळ काढलं. बारच्या खांबापासून तो टाचेला बोट लावत पावलं मोजतो आणि जिथे धावायला सुरुवात करायची तिथे पट्टीचा तुकडा चिकटवतो. उंची वाढली की तुकडा अर्धं पाऊल मागे. "तुकडा हलवला की समजायचं मी घाबरलोय," तो म्हणाला. हे बघण्यासारखं आहे हे मलाही सुचलं नव्हतं, आणि मी आयुष्यभर मैदानावर होतो.

३००० मीटरमधल्या दोन मुलींची गोष्ट आपोआप जुळली. मागच्या वर्षी त्यांच्यात पहिली-दुसरी झाली होती, चार-पाच पावलांच्या फरकाने. दुसरी आलेली मुलगी वर्षभर पहाटे वडिलांच्या सायकलीमागे पळत होती. पहिली आलेली शेवटच्या २०० मीटरला सुटते हे तिला माहीत होतं. "मी आधीच सुटणार, पण कुठे ते सांगत नाही," असं तिने आम्हाला सांगितलं. आम्ही पुठ्ठ्याच्या कार्डांवर एवढंच लिहिलं: नाव, गाव, मागचा निकाल आणि बघायची एक गोष्ट. आबांना सकाळी सातला चोवीस कार्डं दिली.

मी त्यांना एक विनंती केली, शेवटच्या फेरीत नावांशिवाय काही बोलू नका. आबांना ती सांगावी लागली नसती. डाव बसायच्या क्षणी निवेदक गप्प होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

## दुसऱ्या दिवशीचे निर्णय

३००० मीटर साडेआठला सुटली. साडेसात फेऱ्या. रेषेवर उभ्या असतानाच आबांनी दोन्ही मुलींची जोड लावून दिली. क्रीडाशिक्षकांनी घड्याळ हातात घेतलं आणि प्रत्येक फेरीला एकच गोष्ट सांगितली: ही फेरी मागच्या फेरीपेक्षा जलद की संथ. आकड्यांचा पाऊस नाही. संथ झाली की कोण वाट बघतंय ते, जलद झाली की कोणाला त्रास होतोय ते.

चौथ्या फेरीच्या सुमाराला, शर्यत शांत असताना, आमच्याकडून चूक झाली. आबांना सवय बोलतं ठेवायची. सायकलीवाल्या वडिलांचा विषय निघाला आणि त्यांनी त्या घरची परिस्थिती सांगायला सुरुवात केली. कर्ज, मध्यंतरी झालेला अपघात, आईने कोणत्या कामावर दिवस काढले. हे कार्डावर नव्हतं, त्यांनी सकाळी कोणाकडून तरी ऐकलं होतं. आवाज भरून आला होता, आणि खरं सांगायचं तर पडद्यासमोरचा माणूस हललाही असेल. मी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कार्डाकडे बोट दाखवलं. ते थांबले. पण तोवर मिनिटभर गेलं होतं.

सहाव्या फेरीच्या वळणावर, शेवटचे साधारण ६०० मीटर उरले असताना, ती मुलगी सुटली. आबा उठून उभे राहिले आणि फक्त तिचं नाव घेतलं. मग पाच सेकंदांनी दुसरीचं. पुढची दीड फेरी माईकवर मैदानातल्या आरड्याशिवाय काही नव्हतं. समोरच्या सरळीत अंतर होतं वीसेक मीटर. शेवटच्या वळणावर ते दहावर आलं. रेषेच्या पन्नास मीटर आधी मागच्या वर्षीची विजेती बाजूने पुढे गेली. सायकलीवाली मुलगी याही वर्षी दुसरी आली, रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, आणि जिंकलेल्या मुलीने येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. कॅमेरामनने तिच्या चेहऱ्याजवळ न जाता दोघींना पूर्ण चौकटीत ठेवलं. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

या वेळी पंचांनी निकाल जाहीर केल्याशिवाय रिप्ले लावला नाही. हा नियम आम्ही रात्री मिक्सरवर कागद चिकटवून लिहून ठेवला होता.

दुसरा पेच उंच उडीचा. वेळापत्रकाप्रमाणे ती संपायला हवी होती, पण लांबली आणि मुलांच्या १५०० मीटरच्या फायनलवर आली. चार उडीवाले उरले होते, बार १.८० वर, आणि चिकटपट्टीवाल्या मुलाच्या दोन संधी गेल्या होत्या. मालकांनी मला मुख्य पंचांकडे पाठवलं, की १५०० दहा मिनिटं थांबवता येईल का. पंच म्हणाले, "मुलं वॉर्म-अप करून उभी आहेत. थंडीत त्यांना तुमच्या टीव्हीसाठी ताटकळत ठेवणार नाही." मी वाद घातला नाही. ते बरोबर होते, आणि मी विचारायलाच जायला नको होतं.

मग आम्ही पडदा विभागला. मोठ्या भागात उंच उडी, कोपऱ्यातल्या चौकटीत १५००. मुलाने खाली वाकून चिकटपट्टीचा तुकडा सोलला, बोटांत धरून क्षणभर बघितला आणि होता तिथेच परत लावला. आबा म्हणाले, "हलवला न्हाई." बाकी काही बोलले नाहीत. तो धावला, उठला, पोटरी बारला लागली. बार थरथरला, खांबांच्या टोकांवर दोन्ही बाजूंना खडखडला आणि राहिला. गादीत पडल्या पडल्या तो मान वळवून वर बघत होता. प्रयोगशाळेत बसलेली आमची सगळी माणसं ओरडली.

त्याच वेळी कोपऱ्यातल्या चौकटीत १५०० मीटर संपली होती. जिंकलेल्या मुलाच्या गावाने ती पोस्टाच्या तिकिटाएवढी पाहिली.

भालाफेक मात्र साफ फसली. कॅमेरा फेकणाऱ्याच्या मागे होता. भाला हातातून सुटतो, आभाळात हरवतो, मग दूर कुठेतरी माती उडते. पुढे गेला की मागे पडला हे टेप लागेपर्यंत कळायला मार्ग नाही. मोठ्या स्पर्धांत सध्याच्या सर्वोत्तम फेकीची रेघ पडद्यावर आखून दाखवतात, म्हणून आपल्याला भाला उतरता उतरताच अंदाज येतो. आमच्याकडे रेघ नव्हती आणि तिची उणीव भासेल हेही मला आधी सुचलं नाही. आबांनी माणसं उत्तम उभी केली होती, पण गाठायची खूणच दिसत नसेल तर निवेदक तरी काय करणार?

## परिणाम

केबल वाहिनीकडे प्रेक्षक मोजायचं यंत्र नसतं, तेव्हा कोणताही आकडा मी देणार नाही. आमच्याकडे होते ते फोन. पहिल्या दिवशी ते तक्रारीचे होते. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला केबलवाले विचारू लागले, की ती पट्टीवाल्या पोराची उडी परत कधी लावणार. दुपारी एका बाईंनी आपण शेजारच्या तालुक्यातून बोलतोय असं सांगून विचारलं, "दुसरी आली ती पोरगी पुढच्या वर्षी हाय का?" मुलीशी त्यांचं काही नातं नव्हतं. खेळाशीही नव्हतं. त्यांच्या त्या एका प्रश्नात मला आमच्या दोन दिवसांचा सगळा हिशोब मिळाला.

१५०० मीटरवाल्यांच्या गावातून रागाचे फोन आले आणि ते रास्त होते. मालकांनी ती शर्यत संध्याकाळी पूर्ण, एकही खंड न पाडता दाखवली आणि दिलगिरी व्यक्त केली. १०० मीटरच्या फायनलबद्दल वाहिनीने आपला कॅमेरा तिरका होता, पंचांचा निकालच खरा, हे सकाळच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. ज्या मुलाला आम्ही विजेता ठरवलं होतं त्याच्या वडिलांना मालक स्वतः जाऊन भेटले.

बक्षीस समारंभानंतर सायकलीवाल्या मुलीचे शिक्षक माझ्याकडे आले. रागावले नव्हते. "सर, तिला सोमवारी वर्गात बसायचंय," एवढंच म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

या शेवटच्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त विचार केला आहे. सामान्य प्रेक्षकाला बांधून ठेवायचं तर माणसाची गोष्ट हवी, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे खेळाडूची गोष्ट म्हटलं की गरिबीच पुढे येते. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, घरची परिस्थिती बेताची, हे सगळ्यांना पाठ आहे. ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीत, रुपेरी पदक घेतलं. केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८ मिनिटं ११.१५ सेकंद, अविनाशची ८ मिनिटं ११.२०. वर्षानुवर्षं केनियाच्याच ताब्यात असलेल्या शर्यतीत तो त्यांच्या धावपटूंना शेवटच्या रेषेपर्यंत भिडला आणि अवघ्या पाच शतांश सेकंदांनी मागे राहिला. या शर्यतीत शेवटच्या पाण्याच्या उडीनंतर काय घडलं, हे किती जण सांगू शकतील? गोष्ट तिथेही होती, पायांतली आणि डोक्यातली. आमच्या मुलीची खरी गोष्ट तिचा बेत ही होती. मागच्या वर्षीचा पराभव आणि कुठे सुटायचं याचं गुपित. तेवढं पुरलं असतं, आणि पुरत होतं. यापुढे कार्डावर जे खेळाडूने स्वतः सांगितलं आणि ज्याला त्याने होकार दिला तेवढंच असेल, आणि अठराच्या आतल्यांच्या बाबतीत पालकांनाही विचारायचं, असं आता ठरलं आहे. आबांनी ते एका शब्दात मान्य केलं.

वेळापत्रकाचा पेच रात्री किंवा सकाळी सुटणारा नव्हता. संयोजक वेळापत्रक करायला बसतात तेव्हाच, निदान आठवडाभर आधी, वाहिनीचं माणूस तिथे हवं. उंच उडी आणि १५०० यांच्यात पाऊण तास ठेवायला कोणाची हरकत नव्हती. कोणी मागितलाच नव्हता.

फिनिशचा कॅमेरा रेषेच्या सरळीत, पंचांच्या स्टँडशेजारी ठेवायचा. तिथून चित्र देखणं येत नाही, मुलं बाजूने दिसतात आणि चेहरे कळत नाहीत. म्हणून दुसरा कॅमेरा समोरून. एकाने कोण जिंकलं ते दाखवायचं, दुसऱ्याने जिंकताना तो कसा दिसला ते.

चार प्रकारांची आमची निवड बरोबर होती का, याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. रिले निवडली ती शेवटी गर्दी असते म्हणून, पण संघातली मुलं ऐनवेळी बदलली आणि कार्डं निरुपयोगी झाली. त्याऐवजी सकाळची गोळाफेक पूर्ण दाखवता आली असती. तिथे एका शाळेच्या दोन बहिणी एकमेकींविरुद्ध होत्या, आणि ते आम्हाला बक्षीस देताना कळलं.

भालाफेकीसाठी मी मुख्य पंचांना भेटलो. त्या वेळी सर्वोत्तम असलेल्या फेकीच्या अंतरावर, भाला पडायच्या क्षेत्राच्या बाहेर, दोन्ही कडांना एकेक झेंडी उभी करता येईल का असं विचारलं. फेक पुढे गेली की झेंड्या पुढे न्यायच्या. त्यांनी वही मागवून घेतली, क्षेत्राची आकृती काढली, कडेच्या रेषेपासून झेंडी किती लांब हवी ते मोजून लिहिलं आणि झेंड्या हलवायला शाळेतली दोन मोठी मुलं द्यायचं कबूल केलं. कॅमेरा मागून काढून बाजूच्या पाण्याच्या टाकीवर चढवायचा आहे. टाकीवर चढायला जिना नाही, तो मालक यंदा बसवून घेणार आहेत.